मन्मथप्पांच्या काळजातला चुना

नेकनूरच्या बाजारपेठेत चुना घ्यायचा तो मन्मथप्पांकडेच. दुकानात तंबाखू, कात, सुपारी, अडकित्ते सगळंच होतं, पण नाव होतं चुन्याचं. मागच्या अंगणात अर्ध्या कापलेल्या पिंपात ते कळीचा चुना विझवायचे, फडक्यातून गाळायचे, मडक्यात मुरत ठेवायचे आणि लोण्यासारखा झाला की डब्या भरायचे. त्यांचा चुना जिभेला पोळत नाही, अशी ख्याती पार केजपर्यंत पोचलेली. स्वतः मन्मथप्पांनी मात्र उभ्या जन्मात तंबाखूची चिमूट ओठाखाली धरली नव्हती. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात चांदीच्या चौक्यातलं, छोट्या डबीतलं, इष्टलिंग, आणि व्यसन म्हणाल तर चहा.

तशी आणखी एक खोड होती. कुणी काही बोललं आणि मन्मथप्पांनी उत्तर दिलं नाही, असं कधी घडलं नव्हतं. त्यांचे वडील म्हणायचे, बोललेला शब्द म्हणजे दारात आलेला पाहुणा. त्याला उभं ठेवू नये. मन्मथप्पांनी हे इतकं मनावर घेतलं की बोलणारा माणूस आहे की यंत्र, हेही ते बघेनासे झाले. मोबाइलमधली बाई म्हणायची, "आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती सध्या व्यस्त आहे." मन्मथप्पा म्हणायचे, "असू दे बाई, सांजच्याला करतो." बँकेच्या मशिनीनं धन्यवाद म्हटलं की हे हात जोडायचे. त्यामुळे मागे ताटकळणारी रांग चिडायची. रांगेतल्या प्रत्येकाच्या शिवीलाही ते उत्तर द्यायचे, अगदी आदरानं.

गणपती उठल्यावरची गोष्ट. तंबाखूचं पोतं माळ्यावर सरकवताना त्यांच्या छातीवर कुणीतरी पाटा ठेवल्यासारखं झालं. घाम सुटला. ते गल्ल्यामागच्या बाकड्यावर बसले. समोरचं गिऱ्हाईक विचारत होतं, "आप्पा, सुपारी भाजकी हाय का?" पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं. मन्मथप्पा नुसते बघत राहिले.

घरात भाकरी थापणाऱ्या जगदेवीबाईंनी त्या तीन हाका ऐकल्या. उत्तर मात्र एकदाही ऐकू आलं नाही. पिठाच्या हातानंच त्या बाहेर धावल्या. नवऱ्याचा घाम त्यांना नंतर दिसला. आधी धडकी भरली ती त्या गप्प बसण्याची.

"अहो, त्यो सुपारी मागायलाय," त्या म्हणाल्या.

"हाय," मन्मथप्पा कसेबसे म्हणाले. "भाजकी हाय." आणि मग छातीवर हात ठेवून म्हणाले, "पण इथं जरा दाटल्यागत झालंय."

बीडच्या डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासलं, नळी लावून ऐकलं. झटका आलेला नव्हता. पण वय साठीपलीकडचं आणि दुखणं वजन उचलताना आलेलं, म्हणून ते म्हणाले, "हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या बघून घेऊ. सीटी अँजिओग्राफी करू. मांडीतून, मनगटातून तार घालायची गरज नाही. हाताच्या शिरेतून औषध जातं, मशीन फोटो काढतं, घरी जायचं."

"बरं साहेब," मन्मथप्पा म्हणाले.

"त्या दिवशी सकाळपासून चहा बंद."

मन्मथप्पांनी याही वाक्याला उत्तर दिलं. पण ते उत्तर नुसतं "शिवशिव" एवढंच होतं.

तपासणीच्या दिवशी त्यांना न्यायला शफीभाई टेम्पो घेऊन आले. शफीभाई फळांचे व्यापारी. धारूरकडच्या डोंगरातली सीताफळं आणून ते बीडला घालत. दोघांची दुकानं तीस-एक वर्षं समोरासमोर. मागे सीताफळांचे क्रेट, पुढे शफीभाई, मधे मन्मथप्पा आणि दाराशी जगदेवीबाई, असे सगळे निघाले. मांजरसुंब्याच्या फाट्यावर चहाच्या हॉटेलाचा पोऱ्या सवयीनं ओरडला, "या आप्पा, स्पेशल टाकू का?" मन्मथप्पांनी खिडकीतून मान बाहेर काढून, तो दिसेनासा होईपर्यंत त्याला आपल्या हृदयाची हकिकत सांगितली.

तपासणीच्या सेंटरमध्ये जिनत नावाची तंत्रज्ञ मुलगी होती. बीडचीच. निळा झगा, डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळलेली, आवाज गोड पण हातचं काम चटचट. तिनं मन्मथप्पांना झगा दिला आणि सांगितलं, "बाबा, अंगावरचं धातूचं सगळं काढून ठेवा. घड्याळ, करगोटा, गळ्यातलं."

घड्याळ निघालं. करगोटा निघाला. गळ्यातल्या चौक्यावर मात्र मन्मथप्पांनी पंजा ठेवला.

"हे न्हाई निघत, बाई."

"अडकलंय का? कापू का दोरा?"

जगदेवीबाईंच्या तोंडून बारीक किंकाळी निघाली. कोपऱ्यात बसलेले शफीभाई उठून उभे राहिले. "जिनतबेटा," ते म्हणाले, "ती त्यांची देवाची चीज हाय. अंगापासून दूर करत न्हाईत. जिता माणूस हाय तवर अंगावरच राहती."

जिनतनं क्षणभर विचार केला. "अंगाला लागून असली की झालं ना? छातीवर नको, एवढंच. तिथं चांदी चमकली तर हृदयाच्या फोटोत रेघा येतात. पण तपासणीत दोन्ही हात डोक्याच्या वर घ्यायचे असतात. मुठीत धरा. मूठ फोटोत येतच नाही."

मन्मथप्पांना ही पोर एकदम आवडली. त्यांनी दोरा मानेवरून काढला, चौकं डाव्या मुठीत घेतलं आणि दोरा मनगटाला गुंडाळला. हृदयाच्या आतला फोटो काढताना देव डोक्याच्या वर असणार, हे त्यांना उलट जास्तच योग्य वाटलं.

पुढची अडचण नाडीची. छातीला पट्ट्या चिकटवल्यावर पडद्यावर अठ्ठ्याण्णव आकडा आला.

"पासष्टच्या खाली पाहिजे," जिनत म्हणाली. "हृदय इतकं पळत असलं की फोटो हलतो. शांत व्हा. काहीतरी थंडगार आठवा."

मन्मथप्पांनी डोळे मिटले. थंड म्हटल्यावर त्यांना पहाटेचं अंगण आठवलं, गार पाण्याची बादली आठवली, आपलं पिंप आठवलं. मनातल्या मनात त्यांनी पाणी पिंपात ओतलं. पण पिंपात कळीचा चुना होता. तो फसफसला, वाफ उसळली, शिंतोडे उडाले. ते दचकले. आकडा एकशे चारवर गेला.

"काय आठवलंत?" जिनतनं विचारलं.

"धंदा," मन्मथप्पा म्हणाले.

मग नाडी उतरवायची गोळी दिली आणि बाहेर बसवलं. प्रतीक्षेतली मंडळी जमा झाली. जो तो उपाय सांगू लागला आणि मन्मथप्पा प्रत्येकाला उत्तर देऊ लागले. कुणी म्हणालं रामनाम घ्या. मन्मथप्पा म्हणाले, आमी शिवाचं घेतो, पण ते बी चांगलंच. कुणी म्हणालं उलटे आकडे मोजा. मन्मथप्पांनी कुठून सुरू करू विचारलं. आकडा उतरेना. शेवटी शफीभाईंनी सगळ्यांना हटवलं, शेजारी बसले आणि आपल्या टेम्पोचा डायनामो कसा बिघडला, कुठल्या मिस्त्रीनं कुठली वायर कुठं जोडली, ती चुकीची कशी होती आणि मग दुसऱ्या मिस्त्रीनं ती सोडून कुठं जोडली, हे एका सुरात सांगायला लागले. मधे प्रश्न नाही, विराम नाही, उत्तराला जागाच नाही. गोळी आणि डायनामो यांचा एकत्र परिणाम होऊन मन्मथप्पांचं डोकं भिंतीला टेकलं. नाडी साठ.

"उठवू नका, तसंच चालवत न्या," जिनत कुजबुजली.

आतली खोली माघातल्या पहाटेसारखी गार होती. मधोमध भलंमोठं पांढरं कडं उभं, माणूस आरपार जाईल एवढं भोक त्याला. भोकात सरकणारा अरुंद पलंग. मन्मथप्पा आडवे झाले, हात डोक्याच्या वर, डाव्या मुठीत देव, उजव्या हाताच्या शिरेत सुई. जिभेखाली औषधाचा फवारा मारला. जिनत काचेपलीकडच्या खोलीत गेली. पलंग सरकला. कड्याच्या आत कुठूनतरी एक बाई बोलली:

"साँस अंदर लीजिए. साँस रोकिए."

"रोखतो बाई," मन्मथप्पा म्हणाले.

पलंग थांबला. जिनत बाहेर आली. "बाबा, बोललात की श्वास सुटतो. फोटो बिघडतो."

"मी कुठं बोललो? तिनं सांगितलं, मी व्हय म्हणलं."

"ती बाई नाहीये. भरून ठेवलेला आवाज आहे. तिला ऐकू येत नाही."

"ऐकू न येणाऱ्याला तर आणखी आदरानं बोलावं," मन्मथप्पा म्हणाले. पण पोरीला त्रास नको म्हणून त्यांनी वचन दिलं.

दुसऱ्या वेळी त्यांनी ओठ घट्ट मिटले. बाई म्हणाली, साँस रोकिए. त्यांच्या नाकातून आपसूक "हं" निघालं. पुन्हा पलंग थांबला.

तिसऱ्या वेळी मात्र त्यांनी हूं की चूं केलं नाही. दात दातावर दाबले. पण बाईचा शब्द कड्याच्या आत तसाच लोंबकळत राहिला. दारात आलेला पाहुणा, पायात वहाणा, कुणी या म्हणेना. मन्मथप्पांना वडिलांचा चेहरा दिसला. काचेपलीकडे आकडा बासष्टवरून सत्तरवर, सत्तरवरून ब्याऐंशीवर चढला.

जिनतनं कपाळाला हात लावला. "बोललं तर श्वास जातो, नाही बोललं तर नाडी जाते. याचं काय करू?"

काचेच्या दाराशी उभ्या असलेल्या जगदेवीबाई तिथूनच म्हणाल्या, "त्यांच्या वतीनं मी बोलले तर चालंल का?"

जिनतनं त्यांच्याकडे बघितलं. मग खुर्ची ओढली, जगदेवीबाईंना काचेसमोर बसवलं आणि माइकचं बटण दाखवलं. मन्मथप्पांना सांगण्यात आलं की यापुढची सगळी उत्तरं घरातून जातील. कड्याच्या आत त्यांनी सुटकेचा सुस्कारा सोडला. आकडा खाली आला.

"साँस अंदर लीजिए."

"घेतली, बाई," माइकवर जगदेवीबाई.

"साँस रोकिए."

"रोखली हाय. पण बेतानं घ्या, साठी उलटलेला माणूस हाय."

यंत्र घरघरलं, कडं फिरलं. मन्मथप्पा दगडासारखे पडून होते. त्यांना वाटलं, लग्नापासून आजवर आपण इतकं बिनघोर कधी पडलो नव्हतो.

"अब साँस छोड़िए."

"सोडली. लई उपकार झाले तुमचे. घरी या एकदा."

एकोणसाठ. असा स्वच्छ फोटो या महिन्यात आला नव्हता, असं जिनत म्हणाली.

औषध शिरेत सोडताना अंगभर ऊब पसरते आणि कपडे ओले झाल्यासारखं वाटतं, हे तिनं आधी बजावून ठेवलं होतं. मन्मथप्पांनी त्यालाही बरं म्हटलं होतं. पण ऊब खरोखरच गळ्यातून पोटात आणि पोटातून खाली गेली, तेव्हा त्यांची खात्री पटली की व्हायचं ते झालं. सगळं आटोपलं तरी ते उठेनात. "बायांनी बाहेर जावं," म्हणाले. "शफीभाईला बोलवा. धोतर आणायला सांगा." शफीभाई आले, त्यांनी झग्याखालचा पलंग हातानं चाचपला आणि जाहीर केलं, "वाळवंट हाय आप्पा, वाळवंट." मगच ते उठले.

दुपार टळल्यावर डॉक्टरांनी पडद्यावर चित्रं दाखवली. करड्या रंगाचं काळीज, त्यावर वेलीसारख्या नळ्या, आणि नळ्यांच्या काठाला खडूनं टिपके दिल्यासारखे पांढरे ठिपके.

"हे पांढरं दिसतं ना, ते कॅल्शियम. नळ्यांच्या भिंतीत साठलंय. तुमचा स्कोअर चारशे बारा आलाय. वयाच्या मानानं जास्त आहे. पण एका नळीत निम्म्याच्या आत अडथळा आहे, बाकी वाट मोकळी. स्प्रिंग बसवायची गरज नाही. गोळ्या, चालणं, आणि पोती उचलायची नाहीत."

"कॅल्शियम म्हंजे काय, साहेब?" जगदेवीबाईंनी विचारलं.

डॉक्टर घाईत होते. सोपं करून सांगावं म्हणून म्हणाले, "म्हणजे चुनाच समजा."

खोलीत कुणी श्वास घेईना. कुणी सांगितलंही नव्हतं. जगदेवीबाईंनी नवऱ्याच्या हातांकडे बघितलं, नखांच्या कडांशी अजून पांढरं होतं. शफीभाईंनी टोपी काढून पुन्हा घातली. मन्मथप्पा म्हणाले, "पण साहेब, मी कधी खाल्ला न्हाई."

"खाण्याचा काही संबंध नाही," डॉक्टर म्हणाले. "रक्तातली चरबी, वय, वडिलांकडून आलेलं..."

पण हे पुढचं कोण ऐकतंय. टेम्पो नेकनूरला पोचायच्या आत बातमी पोचली होती: मन्मथप्पांच्या काळजात चुना निघाला.

दुसऱ्या दिवशी दुकानासमोर गर्दी. कुणी म्हणालं, इतकी वर्षं वाफ नाकातून जात होती, जाऊन जाऊन कुठं जाणार? कुणी म्हणालं, गावाला चुना लावणाऱ्याला देवानंच लावला. यावर मन्मथप्पांनी "असं म्हणता?" एवढंच शांतपणे विचारलं. एका गवंड्यानं मात्र त्यांची बाजू घेतली. "चुना म्हंजे मजबुती," तो म्हणाला. "धारूरचा किल्ला कशात उभा हाय? चुन्यातच ना? आप्पाचं काळीज आता शे-दोनशे वर्षं हालत न्हाई." झालं, निम्मं गाव मन्मथप्पांना किल्ला समजू लागलं. दोघा-तिघांनी छातीला कान लावून बघितला. मन्मथप्पांनी त्यांनाही सोयीचं व्हावं म्हणून सदऱ्याची गुंडी काढून दिली.

खरा घोर लागला तो तंबाखू खाणाऱ्यांना. न खाणाऱ्याच्या काळजात चारशे बारा निघतो, मग खाणाऱ्यांचं काय? पारावर कुणी डबी उघडेना. आणि या सगळ्यांत मोठे खाणारे होते मोहनराव.

मोहनराव एसटीतून निवृत्त झालेले वाहतूक नियंत्रक. हयातभर स्टँडवर शिट्टी फुंकली. कडक माणूस. एकुलती एक लेक मंजुषा. तिनं आपल्या मनानं उमापूरच्या मुलाशी लग्न केलं, त्या दिवसापासून मोहनरावांनी तिचं नाव टाकलं होतं. बायको गेली तेव्हाही पोरीला दारातूनच परत पाठवलं. अशा माणसाच्या काळजात दगड असणार, चुना तर नक्कीच, असं गावाचं एकमत होतं. मोहनरावांनाही तेच वाटत होतं. एक दिवस ते न सांगता बीडला गेले आणि तीच तपासणी करून आले.

आकडा आला शून्य.

"शून्य चांगलं असतं," डॉक्टरांनी सांगितलं होतं. "आज नळ्यांत काही साठलेलं नाही. पण उद्याची हमी नाही. तंबाखू सोडा." मोहनरावांनी पहिलं वाक्य ऐकलं आणि ताठ मानेनं पारावर येऊन सांगितलं, "शून्य!"

मग कुणीतरी सावकाश म्हणालं, "आप्पाला चारशे बारा. आन तुमाला काहीच न्हाई?"

"काहीच न्हाई."

"म्हंजे मशिनीला काळीजच सापडलं न्हाई!"

जे हसू फुटलं ते चार दिवस थांबलं नाही. म्हाताऱ्या-कोताऱ्या म्हणू लागल्या, आमाला ठावंच व्हतं, मशीन लागली कशाला. शाळेत जाणारी पोरं त्यांना बघून आपली छाती चाचपायची. मोहनराव आयुष्यात पहिल्यांदा एक वेगळीच तक्रार घेऊन मन्मथप्पांच्या दुकानात आले.

"आप्पा, तुमी सांगा गावाला. तुमचं ऐकतात. मला काळीज हाय म्हणून सांगा."

"सांगतो की," मन्मथप्पा म्हणाले. आणि दिवसभर जो कुणी विचारेल त्याला ते सांगत राहिले, "मोहनरावांना काळीज हाय." पण मन्मथप्पा सगळ्यांनाच हो म्हणतात हे गावाला ठाऊक, कुणी खरं धरेना. रात्री जेवताना ते जगदेवीबाईंना म्हणाले, "मला त्याचं वाईट वाटतंय. माझ्या काळजात कचरा निघाला तर लोक पाया पडायलेत, आन त्याचं धुतल्यागत निघालं तर थट्टा."

"पोरीला घरात घेतलं असतं तर मशीन कशाला लागली असती?" जगदेवीबाई म्हणाल्या आणि आमटी वाढली.

मोहनरावांनी काढलेला उपाय निराळाच होता. सेंटरकडून मिळालेल्या चित्रांत एक रंगीत होतं: काळजाचं, लालसर, नळ्यांसकट, सगळ्या बाजूंनी गोलाकार. ते घेऊन ते फ्लेक्सवाल्याकडे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडसमोर बारा फुटी फ्लेक्स लागला. मधे काळीज, मुळ्या फुटलेल्या रताळ्यासारखं, पण बैलाएवढं. कोपऱ्यात गॉगल घातलेले मोहनराव. वर मोठ्या अक्षरात: "ज्यांना शंका असेल त्यांनी डोळे उघडून पाहावे. श्री. मोहनराव यांचे स्वतःचे काळीज." खाली शुभेच्छुक म्हणून मन्मथप्पा आणि शफीभाई यांचे गोल फोटो. दोघांनाही विचारलेलं नव्हतं. शफीभाईंचा फोटो तर त्यांच्या मुलाच्या निकाहमधला होता, हारासकट.

एसट्या थांबून बघू लागल्या. दुपारपर्यंत छबुबाई नावाच्या म्हातारीनं फ्लेक्सच्या बांबूपुढे हळदीकुंकू वाहिलं आणि नारळ ठेवला. हे कुठल्या देवाचं रूप, म्हणून तिनं मन्मथप्पांना विचारलं.

"मोहनरावांचं काळीज हाय, मावशे."

"असू दे," छबुबाई म्हणाली. "नवसाला पावल्याशी काम."

फ्लेक्सचा फोटो मोबाइलवरून फिरला. केजला गेला, गेवराईला गेला, तिथून उमापूरला. वाटेत कुणीतरी त्याखाली हात जोडल्याचं चित्र टाकलं. मंजुषानं तो बघितला तेव्हा तिला फ्लेक्सवर बापाचा चेहरा, लोकांचे गोल फोटो आणि खाली जोडलेले हात, एवढंच दिसलं. मधल्या लाल गोळ्याचं काही कळलं नाही. अपघातातलं काही असावं असं तिला वाटलं. मजकूर वाचायला डोळे ठिकाणावर होते कुठं? ती अंगावरच्या लुगड्यानिशी गाडीत बसली.

मन्मथप्पा तेव्हा स्टँडवर होते. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं म्हणून ते सकाळ-संध्याकाळ दुकान ते स्टँड चालत. मोहनराव फ्लेक्सखाली खुर्ची टाकून बसलेले, राखण म्हणून; पोरांनी त्या काळजाला मिशा काढायचा प्रयत्न केला होता. गाडी थांबली. मंजुषा उतरली ती हंबरडा फोडतच. "अण्णा गं माझे!" म्हणत ती फ्लेक्सच्या बांबूला मिठी मारणार, तेवढ्यात तिला खुर्चीत बसलेले अण्णा दिसले.

ती जागीच खिळली. मोहनरावही उठून उभे राहिले. ओठाखालची तंबाखू त्यांनी घाईघाईनं गिळली.

"तुमी... तुमी हाय?" मंजुषा म्हणाली.

"हाय."

"मंग हे कावून लावलंय?"

सगळा स्टँड कान देऊन होता. मोहनराव वर काळजाकडे बघत राहिले, मग खाली, मग पोरीकडे. शेवटी म्हणाले, "शून्य आलं गं माझं."

"काय शून्य?"

"लोक म्हणतेत, मला काळीजच न्हाई. म्हणून लावलं. तुला काय वाटलं?"

"मला वाटलं तुमी गेला!" मंजुषा ओरडली आणि फ्लेक्सच्या पायथ्याशी, छबुबाईच्या नारळाशेजारी मटकन खाली बसून रडायला लागली. रडता रडता मधेच तिला हसू यायला लागलं, ते काळीज वर बघून. मोहनराव तिच्यासमोर उकिडवे बसले. हात पुढे करावा की नको, हे त्यांना ठरवता येईना; तो तसाच हवेत राहिला. मग त्या हातानं त्यांनी तिच्या लुगड्याचा धुळीत पडलेला पदर उचलला, झटकला आणि तिच्या मांडीवर ठेवला.

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं.

मंजुषानं मान हलवली. मन्मथप्पा चार हातांवर उभे होते. हा प्रश्न त्यांना नव्हता, हे त्यांना नीट कळत होतं. उत्तर गिळूनही छातीत दुखलं नाही, याची त्यांनी हळूच नोंद घेतली. मग ते वळून घरी गेले आणि जगदेवीबाईंना दोन पानं जास्तीची मांडायला सांगितली.

त्या रात्री मोहनराव आणि मंजुषा मन्मथप्पांकडेच जेवले. मोहनरावांच्या घरात भांडी घासलेली नव्हती, बायको गेल्यापासून ते स्टँडवरच्या हॉटेलात जेवत. जेवण झाल्यावर सवयीनं त्यांनी डबी काढली. मंजुषानं ती हातातून घेतली, अंगणात गेली आणि चुन्यासकट पिंपाशेजारच्या मोरीत उपडी केली. मन्मथप्पांनी आपलं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक असं डोळ्यांदेखत मोरीत जाताना बघितलं. "बरं केलंस, बाई," ते म्हणाले.

मंजुषा दोन दिवस राहिली आणि परत गेली. पुढच्या खेपेला नवऱ्याला घेऊन आली. मोहनराव जावयाशी तासभर एसटीच्या वेळापत्रकाविषयी बोलले. त्यांच्या मानानं ते पुष्कळच होतं. फ्लेक्स वाऱ्यानं फाटला. छबुबाई मात्र अजून त्या बांबूपुढे थांबते, आणि आपल्या सुनेला मुलगी झाली म्हणून सांगते.

कार्तिकात मन्मथप्पा आणि जगदेवीबाई कपिलधारला गेले. मांजरसुंब्यापर्यंत शफीभाईंच्या टेम्पोनं, पुढं पायी. दोन्ही बाजूंना डोंगर, मधे यात्रेकरूंची रीघ, खांद्यावर भगवे झेंडे. मन्मथस्वामींच्या समाधीचं दर्शन झालं आणि परतीचा चढ लागला. डॉक्टरांनी चढ हळू चढायला सांगितला होता. अर्ध्यावर ते एका दगडावर टेकले. समोरून येणारे ओळखीचे लोक "शरणार्थ" म्हणून नमस्कार करत होते, मन्मथप्पा एकेकाला उलट शरणार्थ म्हणत होते. त्यांनी छातीवर हात ठेवलेला बघून जगदेवीबाई खाली वाकल्या.

"दुखतंय का?"

"न्हाई," मन्मथप्पा म्हणाले. "भूक लागलीय."

जगदेवीबाईंनी पिशवीतून दशम्या काढल्या, वर शेंगदाण्याची चटणी घातली, आणि दोघं तिथंच दगडावर बसून खाऊ लागले.